ओट्याखाली वाकून बघा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे विषय नव्हते असं नाही, नुसता आळस. आज मात्र डोकं तापलंय म्हणून बसलो. विषय आहे घरातली गॅसची शेगडी. हसू नका. हा पठ्ठ्या आता स्वयंपाकावर लिहिणार का, असं मनात आलं असेल तर नेमकं त्याबद्दलच भांडायचं आहे.

तर झालं असं. गेल्या दिवाळीच्या आधी सांगलीला घरी गेलो होतो. दारात चपला काढतानाच वास आला. अगदी मंद, पण गॅसचाच. आत आई चकलीसाठी भाजणी भाजत उभी. म्हटलं, "आई, गॅसचा वास येतोय." तिने दोनदा नाक ओढून बघितलं आणि म्हणाली, "कुठे रे? मला नाही येत. भाजणीचा असेल."

भाजणीचा नव्हता. शेगडी बंद केली, रेग्युलेटर बंद केला, मागचं दार आणि खिडक्या सताड उघडल्या. दिव्याच्या किंवा पंख्याच्या बटणाला हात लावला नाही, एवढी अक्कल सुदैवाने जागेवर होती. वास पूर्ण जाऊन बराच वेळ झाल्यावर ओट्याखाली वाकलो, पिठाचा डबा सरकवला आणि सिलेंडर पुढे ओढला. नळी एके काळी नारिंगी असावी. आता तिच्यावर तेल आणि धुळीचा थर, वळते तिथे बारीक भेगा, आणि रेग्युलेटरच्या टोकाशी चक्क चीर. बोटाने पुसलं तेव्हा छापलेलं वर्ष दिसलं. २०१२.

आणि या नळीच्या वर काय होतं? मी २०१९ साली आईच्या पासष्टीला घेतलेली चार बर्नरची काचेची शेगडी. तोंड बघून भांग पाडावा अशी चकचकीत. बसवायला आलेल्या माणसाने नवी नळी आणलीच नव्हती. त्याने जुन्याच नळीचं टोक कापलं आणि ती परत घट्ट बसवून दिली. मी तिथेच उभा होतो. काय करत होतो? नव्या शेगडीचे फोटो काढत होतो.

एवढ्यावर भागलं असतं. पण संध्याकाळी काकांचा फोन आला. त्यांना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "अरे, वहिनी दिवसभर स्वयंपाकघरातच असते ना? मग लक्ष नको का?" आणि याहून वाईट म्हणजे पलीकडून आई म्हणाली, "खरंच आहे त्यांचं. माझंच चुकलं. वरचं रोज पुसते मी, पण आता खाली वाकवत नाही."

काका, तुम्ही हे वाचाल हे मला माहीत आहे. राग मानू नका. पण हे वाक्य तुमचं एकट्याचं नाही. ते सगळ्या महाराष्ट्राचं आहे, आणि ते चूक आहे.

आपल्याकडे शेगडी ही बाईच्या अब्रूची वस्तू आहे. "अमकीचा ओटा कसा आरशासारखा!" हे कौतुक आपण लहानपणापासून ऐकतो. पाहुणा आला की त्याला दिसतो तो ओटा, काच, बर्नरचं पितळ. त्याला नळी दिसत नाही, रेग्युलेटर दिसत नाही, काचेखालचे जेट दिसत नाहीत. म्हणून दिसतं ते दिवसातून तीनदा पुसलं जातं आणि जे दिसत नाही ते तेरा तेरा वर्षं कुणी बघत नाही. चकचकीत म्हणजे सुरक्षित असं आपण धरून चाललो आहोत. दोन्हींचा संबंध फार थोडा आहे. कधीकधी तर उलटाच आहे.

उलटा कसा ते सांगतो. दिवाळीच्या साफसफाईत बर्नर संडासच्या ॲसिडमध्ये टाकून ठेवणारी घरं मी बघितली आहेत. ॲसिड काजळीबरोबर धातूही खातं. भोकं मोठी आणि वाकडीतिकडी होतात, मग ज्योत एका बाजूने भडकते. ॲल्युमिनियमचा बर्नर असेल तर सोड्याचं कडक पाणीही त्याला खातं. पितळेला आपल्या आज्यांची चिंच पुरेशी आहे. नंतर साध्या पाण्याने धुवायचं, आणि मुख्य म्हणजे पूर्ण वाळवूनच परत बसवायचं. ॲसिड आणि ब्लीच तर एकत्र करूच नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद स्वयंपाकघरात तो छातीत बसतो.

दुसरा उद्योग म्हणजे सुई. गॅस नीट येत नाही म्हणून जेटमध्ये सुई किंवा तार घालायची. जेटचं भोक मिलीमीटरहूनही लहान असतं, आणि गॅस किती यावा हे त्या भोकावर ठरतं. सुईने ते जरा जरी मोठं झालं तरी गॅस जास्त, हवा कमी, ज्योत पिवळी. ज्योत निळी हवी. पिवळी ज्योत आणि भांड्यांची काळी बुडं म्हणजे गॅस पुरता जळत नाहीये. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि त्याला वास नसतो. पण आपल्याकडे काळ्या बुडाचा अर्थ काय होतो? सुनेला भांडी घासता येत नाहीत!

तिसरा म्हणजे ओटा खराब होऊ नये म्हणून शेगडीखाली वर्तमानपत्र. ज्याच्यावर विस्तव आहे त्याच्या खाली कागद घालायचा, आणि त्यावर तेल सांडू द्यायचं. चौथा म्हणजे गरम काचेवर ओलं फडकं. कडक केलेली काच असली तरी तापलेली असताना गार पाणी पडलं तर ती तडकून चुरा होऊ शकते. शेगडी गार होईपर्यंत थांबायला हवं. पण ओटा आवरल्याशिवाय बाईला बसायची परवानगी नाही, त्यामुळे ती थांबत नाही. यात दोष काचेचा की परवानगीचा?

आणि पाचवा, हल्लीचा. मॉड्युलर किचन. सिलेंडर गुळगुळीत दाराच्या कपाटात बंद, कारण तो दिसायला बरा दिसत नाही. आता थोडं शाळेतलं आठवा. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, दोन्ही हवेपेक्षा जड. गळलेला गॅस वर जात नाही, पाण्यासारखा खाली साचतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण २ टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. म्हणून त्या कपाटाला तळाशी भोकं हवीत. किती जणांच्या घरी आहेत? आणि लाकडाला भोक पाडून नळी पलीकडे नेली असेल तर त्या भोकाची कड नळीला कापत तर नाही ना, हे कुणी बघितलं? (ज्यांच्याकडे पाइपचा गॅस आहे त्यांचं उलटं. तो मिथेन, हवेपेक्षा हलका, वर साचतो. शिवाय सिलेंडरची शेगडी त्यावर तशीच जोडायची नसते, जेट बदलावे लागतात.)

आता मुख्य भांडण. "तिचं लक्ष नव्हतं."

आमच्या पिढीने लहानपणी वर्तमानपत्रात एक ओळ इतक्यांदा वाचली आहे की ती डोळ्यांना टोचायची बंद झाली होती. स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. त्यातले काही खरेच अपघात होते आणि काही खून होते. इतके होते, की १९८६ साली हुंडाबळीचं वेगळं कलम दंड विधानात घालावं लागलं. पण अपघात असो की खून, पंचनाम्याच्या आधीच शेजारीपाजारी निकाल देऊन मोकळे. पदर सांभाळायला नको का? गाऊन नायलॉनचा होता म्हणे. घाईच फार तिला. रॉकेलचा स्टोव्ह गेला, घरात सिलेंडर आला, आणि ते वाक्य मात्र तसंच ओट्यापाशी उभं आहे. परवा ते माझ्या काकांच्या तोंडून आलं आणि माझ्या आईने ते मान खाली घालून घेतलं, याचा मला खरा राग आहे.

कारण बघा. नळी कुणी विकत आणायची? आणणारा मी. शेगडी कुणी निवडली? मी. बसवणाऱ्याला पैसे कुणी दिले? मी. गॅस एजन्सीचं पुस्तक कुणाच्या कपाटात असतं? बाबा होते तोवर बाबांच्या, आता माझ्या. एजन्सीकडून दर पाच वर्षांनी घरी येऊन तपासणी व्हायची असते, त्याचा निरोप कुणाच्या मोबाइलवर येतो? माझ्या, पुण्यात. निर्णय सगळे पुरुषांचे, आणि भडका उडाला तर लक्ष बाईचं नव्हतं. वा रे न्याय!

"आमच्याकडे तीस वर्षांत काही झालं नाही" हे आत्याचं उत्तर मला आधीच ऐकू येतंय. आत्या, आमच्याकडेही काही झालं नव्हतं. २०१२ पासून रोज काही होत नव्हतं. रबराला तीस वर्षांची पुण्याई कळत नाही. तारेची जाळी असलेल्या नारिंगी सुरक्षा नळीचं आयुष्य पाच वर्षं धरतात. आमची त्याच्या दुपटीहून जास्त चालली, ती आमच्या सावधपणामुळे नव्हे. नशीब म्हणतात त्याला.

आणि एक गोष्ट, जिने माझी त्या रात्रीची झोप घालवली. गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. तो गळला तर कळावा म्हणून मुद्दाम मरकॅप्टन नावाचं दुर्गंधी द्रव्य त्यात मिसळतात. म्हणजे नळी, रेग्युलेटर, एजन्सी, मुलगा, सगळे चुकले तरी शेवटी एक नाक आहे, अशी ती व्यवस्था. आता ते नाक कुणाचं? सत्तरी पार केलेल्या बाईचं. वयाबरोबर वास कमी होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण आपल्या आईचा कमी झालाय का, हे कुणी विचारलेलं नसतं. मी विचारलं नव्हतं. दर रविवारी फोनवर गुडघे, बीपी, साखर सगळं विचारतो. "आई, तुला वास येतो का गं?" हे कधी नाही. दुसऱ्या दिवशी हिंगाची डबी उघडून तिच्या नाकापाशी धरली. म्हणाली, "येतो की थोडा." हिंगाचा. थोडा.

त्यामुळे आता सल्ले देतो, आणि ते बायकांना नाही, पुरुषांना. बायकांना गेली शंभर वर्षं पुरेसे मिळाले आहेत.

आज घरी गेलात की ओट्याखाली वाका. नळीवरचं वर्ष वाचा. पाच वर्षं झाली असतील तर बदला, चीर दिसली तर वर्षाची वाट न बघता बदला. सांध्यांना साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांना कोपरापासून नमस्कार. नवा सिलेंडर आला की तो आणणाऱ्याकडून गळती आणि वजन तपासून घ्या, तो आपला हक्क आहे. सिलेंडरच्या गळ्याशी ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्ष असतं. ते वर्षाच्या चार तिमाहींचे अनुक्रमे मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर हे शेवटचे महिने, म्हणजे सिलेंडरच्या पुढच्या चाचणीची मुदत. उलटून गेली असेल तर घेऊ नका. रात्री रेग्युलेटर बंद. बहुतेक साध्या शेगड्यांना ज्योत विझली की गॅस आपोआप तोडणारी सोय नसते. म्हणून दूध उतू जाऊन ज्योत विझली तर आधी बटण बंद, ओटा पुसणं नंतर. कढईतलं तेल पेटलं तर पाणी नाही, गॅस बंद करून झाकण. भाजलं तर शाई नाही, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही, वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. गळती थांबत नसेल तर घराबाहेर येऊन १९०६.

आणि शेगडी तुम्हीही साफ करा. महिन्यातून एकदा, गार झाल्यावर, बर्नर उचलून. उपकार म्हणून नाही. स्वतः साफ केल्याशिवाय खालची नळी डोळ्यांना दिसत नाही, हा माझा तेरा वर्षांचा अनुभव आहे :)

आईकडे नवी नळी बसवली. गॅस ओळखणारं एक छोटं यंत्र जमिनीलगत लावलं, कारण गॅस खालीच साचतो. दोन दिवस ते आईला आवडलं नाही, ओट्याची शोभा जाते म्हणाली. मग तिनेच त्याच्यासमोरचा पिठाचा डबा हलवला.

आत्या, पुढच्या महिन्यात कोल्हापूरला येतोय. जेवण साधंच कर. फक्त ओट्याखालचं सामान आधी काढून ठेवायला भाऊसाहेबांना सांग. तुला नाही, त्यांना. मी आल्यावर आम्ही दोघं मिळून वाकणार आहोत.