छिद्र चुकले की चादर चुकते

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले बरेच विद्यार्थी आज संगणकाच्या व्यवसायात आहेत. कोणी पुण्यात हिंजवडीला आहे, कोणी बंगळूर-हैदराबादला गेले आहे, तर कोणी सोलापुरातच राहून घरबसल्या परदेशी कंपन्यांची कामे करीत आहे. स्मरणिकेसाठी आम्हां माजी विद्यार्थ्यांकडून तंत्रज्ञानाविषयी लेख मागविण्यात आला, तेव्हा प्रगतीचे गोडवे गाणे सोपे होते. परंतु ते काम वृत्तपत्रांतील जाहिराती उत्तम रीतीने करीत असतात. आम्ही या व्यवसायातील रोजच्या गमती आणि रोजचे त्रास सांगावयाचे ठरविले. कारण त्यांच्या पोटात आपल्या समाजाने विचार करावा असा एक प्रश्न आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम गमतींविषयी. संगणकात नोकरी लागली की नातेवाइकांच्या दृष्टीने आम्ही दुरुस्ती करणारे ठरतो. लग्नाच्या पंगतीत बार्शीचे मामा हातात मोबाइल देतात आणि म्हणतात, "बाळा, तू कॉम्प्युटरमध्येच आहेस ना? मग हे व्हॉट्सअ‍ॅप का अडकलंय, बघ जरा." आपण एका अमेरिकी विमा कंपनीच्या प्रणालीतील एवढासा भाग लिहितो, प्रिंटर उघडून कधी पाहिलेला नाही, असे सांगितले तर मामांना ते पटत नाही. "मग एवढा पगार कशाचा?" हा त्यांचा प्रश्न असतो आणि त्याला खात्रीचे उत्तर आम्हांलाही देता येत नाही. शेवटी आम्ही मोबाइल बंद करून पुन्हा चालू करतो. तो चालतो, आणि पंगतीत आमच्या शिक्षणाचे सार्थक होते.

दुसरी गंमत वेळेची. सोलापुरात रात्रीचे साडेदहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात दुपारचे बारा वाजलेले असतात. तिकडच्या साहेबांची बैठक त्यांच्या दुपारी भरते आणि आमच्या झोपेत. ज्या घरांतील मागच्या पिढ्या गिरणीत होत्या, त्या घरांत आई हमखास म्हणते, "एवढं शिकून रात्रपाळीच करायची होती, तर गिरणी काय वाईट होती?" या बोलण्यात विनोद आहे तसे तथ्यही आहे. १८७७ साली सोलापुरात गिरणी उभी राहिली आणि भोंग्याने या शहराचा दिवस आखून दिला. भोंगा पाळी सुरू झाल्याचे सांगे, तसाच ती संपल्याचेही सांगे. आमच्या खिशातील भोंगा फक्त पाळी सुरू झाल्याचे सांगतो.

येथवरच्या त्रासांवर हसता येते. पण काही त्रास असे आहेत, की त्यांवर हसू येते आणि लगेच ओसरते. नावाचा त्रास घ्या. महाराष्ट्रातील शाळेच्या कागदांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव लिहिण्याची रीत आहे. संगणकातील अर्ज मात्र पहिले नाव, मधले नाव आणि शेवटचे नाव अशा तीन चौकटी पुढे करतो. गुणपत्रिका समोर ठेवून कोणी निमूटपणे क्रमाने भरत गेला, तर त्याचे आडनाव हे त्याचे नाव होते आणि वडिलांचे नाव हे आडनाव होते. परदेशी सहकारी मग त्याला वर्षानुवर्षे वडिलांच्या नावाने हाक मारतात. सोलापुरात तर मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूही घराघरांत बोलली जाते. काही कुटुंबांत आडनाव लावण्याची रीतच नाही. नुसती आद्याक्षरे लावतात. आडनावाची चौकट रिकामी ठेवली की अर्ज पुढे सरकत नाही. कांबळे हे आडनाव इंग्रजीत लिहिताना 'ब' नंतर एक अक्षर घालावे की घालू नये, यावर दाखला आणि आधार यांचे एकमत होत नाही. माणूस एकच; पण संगणकाच्या लेखी ते दोन इसम असतात आणि त्यांपैकी कोणालाच शिष्यवृत्ती मिळत नाही.

बोटांच्या ठशांचे असेच आहे. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी देण्यात आले. बोटांच्या रेषा जन्मभर बदलत नाहीत, हा या योजनेमागचा विश्वास. पण ज्या हातांनी आयुष्यभर तेंदूची पाने कातरली, तंबाखू भरली, दोरा गुंडाळला, त्या हातांच्या रेषा झिजतात. सोलापुरात अशा हजारो विडी कामगार महिला आहेत. २०१४ पासून निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला अंगठ्याच्या ठशावर संगणकातून देण्याची सोय झाली. सोय चांगली होती. परंतु ठसा जुळला नाही की यंत्र नकार देते, आणि समोर बसलेल्या जिवंत आजीला आपण हयात आहोत हे सिद्ध करता येत नाही. "अजून मेले नाही गं बाई, जेवून आलेय आत्ता," असे म्हणून ती हसते आणि रांगेतून बाहेर पडते. पुढे २०२१ साली चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय आली. म्हणजे उपाय अशक्य नव्हता. ठसे झिजलेली माणसे या देशात आहेत, ही गोष्ट आरंभीच्या आराखड्यात पुरेशी धरली गेली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

येथे आम्हांला आपल्याच शहरातील एका जुन्या यंत्राची आठवण होते. सोलापुरी चादरीवरील फुले आणि मोर जकार्डच्या मागावर विणले जातात. या मागावर पुठ्ठ्याची, भोके पाडलेली कार्डे एकापुढे एक साखळीने ओवलेली असतात. जेथे भोक असेल तेथे सुई आत शिरते आणि तिच्याशी जोडलेला उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तेथे धागा खालीच राहतो. आडव्या धाग्याच्या एकेका फेरीला एकेक कार्ड, असे करत नक्षी उतरते. फ्रान्समधील जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास ही योजना सिद्ध केली. पुढे इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच कार्डे घेतली आणि १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलेरिथ यांनी भोके पाडलेल्या कार्डांवरच माणसे मोजली. संगणकाला आज्ञा देण्याची रीत मागाच्या घरातून आली आहे. तेव्हा हिंजवडीच्या आधी आज्ञावली लिहिणारे लोक सोलापुरात होते. त्यांना तो पगार मिळाला नाही, इतकेच.

परंतु त्यांच्या आणि आमच्या कामात एक मोठा फरक आहे. कार्डावर एक छिद्र चुकले, तर मोराची चोच वाकडी विणली जाई आणि ती प्रत्येक चादरीवर वाकडीच येई. कार्ड पाडणारा कारागीर, विणकर आणि मालक एकाच आवारात असत. चूक सापडे, बोलणी बसत, कार्ड बदलले जाई. आमच्या आज्ञावलीतील छिद्र चुकते तेव्हा चादर दूर कोठे तरी, अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याच्या एखाद्या महा ई-सेवा केंद्रात विणली जात असते. तेथे अर्ज नाकारला गेलेला विद्यार्थी आम्हांला दिसत नाही, आणि आम्ही त्याला दिसत नाही. त्याला केंद्रचालक सांगतो, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या ये." उद्या अंतिम मुदत असते. आणि आमच्या कचेरीत कोणी विचारले, तर ठरलेले उत्तर तयार असते, की आमच्या यंत्रावर तर व्यवस्थित चालते आहे. या उत्तरावर आमच्या व्यवसायात जगभर विनोद केले जातात. केंद्राबाहेर उभ्या असलेल्या मुलाला मात्र तो विनोद कळण्याचे कारण नाही.

यावर कोणी म्हणेल, की तंत्रज्ञानाने दलाल हटविले, शिष्यवृत्ती थेट खात्यात जमा होऊ लागली, भाजीवालीसुद्धा मोबाइलवर पैसे घेते; मग ही तक्रार कशाला? हे म्हणणे खरे आहे आणि आम्ही ते मनापासून मान्य करतो. कागदाचे दिवस सुखाचे होते, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. साहेब जागेवर नाहीत, हे त्या काळचे 'सर्व्हर डाऊन'च होते. परंतु कागदाच्या अर्जात नाव चुकले तर समोरचा कारकून निदान तोंड पाहून दुरुस्त करू शकत असे. दयाळू कारकून भेटण्याची शक्यता शिल्लक असे. संगणकाच्या चौकटीत ही शक्यता आधीच कोणीतरी लिहून ठेवावी लागते. ती लिहिली नाही, तर यंत्र क्रूर नसूनही क्रूर वागते. म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्याची जबाबदारी कारकुनाहून मोठी आहे, असे आम्ही मानतो.

आपल्या शाळेच्या संदर्भात हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि पुढच्याच वर्षी, जानेवारी १९२५ मध्ये, सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. गुणी मूल राहण्या-जेवण्याच्या अडचणीने शिक्षणातून गळू नये, हा त्यामागचा विचार होता. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची केंद्रीय योजनाही १९४४ पासून चालत आली आहे. आज त्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरला जातो. वसतिगृह आहे, शिष्यवृत्ती आहे, मुलाच्या अंगी गुण आहेत. आणि तरीही तो नावातील एका अक्षरामुळे, किंवा ओटीपी ज्या क्रमांकावर गेला तो मोबाइल ऊसतोडीला गेलेल्या वडिलांच्या खिशात असल्यामुळे गळू शकतो. जी दारे पूर्वी माणसे बंद करीत, ती आज एखादी चौकट न कळत बंद करते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली, प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या दिवसांत शाळेत अर्ज-साहाय्य कक्ष चालवावा. संगणकाच्या व्यवसायातील माजी विद्यार्थ्यांनी आळीपाळीने दोन-दोन दिवस तेथे बसावे. मामांचा मोबाइल चालू करून देणाऱ्यांना हे जड जाऊ नये. दुसरी, मूल पाचवीत असतानाच शाळेचा दाखला, आधार, जातीचा दाखला आणि बँकेचे खाते यांवरील नावे अक्षरशः जुळवून घ्यावीत. दहावीनंतर हेच काम दहापट अवघड होते. या कामी पालकांनी शाळेला सहकार्य करावे. तिसरी सूचना आम्हां लिहिणाऱ्यांसाठीच आहे. आम्ही कोठेही, कोणत्याही कंपनीत काम करीत असू. एखादी चौकट सक्तीची करण्यापूर्वी वसतिगृहातील आपल्या शेजारच्या खाटेवर झोपणारा मित्र ती भरू शकला असता का, त्याच्या आईचा ठसा तेथे उमटला असता का, असे स्वतःला विचारावे. तो प्रश्न बैठकीत मोठ्याने विचारावा. साहेब क्षणभर थांबतील, कदाचित हसतील; परंतु अशा प्रश्नांची नोंद राहते आणि पुढच्या आराखड्यात त्यांना जागा मिळते.

शाळेने आम्हांला संगणक शिकविण्याच्या कितीतरी आधी एकाच ताटलीतला भात वाटून खायला शिकविले. या व्यवसायात आम्हांला त्या शिक्षणाची गरज अधिक भासते. साहाय्य कक्षासाठी नावे देण्याची वही शाळेच्या कार्यालयात ठेवावी, अशी विनंती आम्ही करीत आहोत. पहिली नावे आमची असतील.