बेकाराने लोणावळ्याला जायचं नाही?

"काम गेलंय म्हणे, आणि बघा, पोराबाळांना घेऊन लोणावळ्याला भजी खातोय!"

हे वाक्य मावळात ज्याने ऐकलं नाही असा माणूस सापडणं अवघड. बोलणारा दुष्ट असतोच असं नाही. तो शेजारी असतो, साडू असतो, कधी मशिदीच्या वजूखान्याशेजारी भेटणारा एखादा चाचा असतो. वाक्याच्या पोटात मात्र एक गृहीत दडलेलं असतं. ज्याच्या हाती कामाविना चार पैसे येतात, त्याने ते संपेपर्यंत तोंड पाडून घरात बसावं. हसू नये, फिरू नये, फोटो तर मुळीच टाकू नये. बेकारीच्या काळात मिळणारी रक्कम ही जणू सुतकाची रक्कम आहे.

मला हे गृहीत अमान्य आहे. का, ते सविस्तर सांगतो.

सुदुंबरे हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे ते संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे. तुकोबांचे टाळकरी, त्यांचे अभंग लिहून जपणारे संताजी. तेलाच्या घाण्यावर राबणारा हा माणूस. आज या गावाच्या एका अंगाला चाकणची एमआयडीसी आहे, दुसऱ्या अंगाला तळेगावची. या पट्ट्यातल्या भाड्याच्या खोल्यांमधून पहाटे कंपन्यांच्या बसगाड्या भरून निघतात. त्यात मावळातली पोरं असतात, लातूर-नांदेड-बीडची असतात, बिहार-ओडिशाचीही असतात. त्यात आमचे लोकही आहेत, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. वाहन उद्योगाला सर्दी झाली की या पट्ट्याला ताप येतो.

हा ताप काय असतो ते तळेगावने पाहिलंय. जनरल मोटर्सचा कारखाना तिथे २००८ मध्ये सुरू झाला. डिसेंबर २०२० मध्ये तिथली शेवटची गाडी बाहेर पडली. एप्रिल २०२१ मध्ये, कोविडची दुसरी लाट भरात असताना, कंपनीने १,४१९ कामगारांना ले-ऑफ दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने हा कारखाना घेण्याचा करार केला. जमीन, इमारती, यंत्रं यांचा सौदा झाला. नव्या मालकाकडे आम्हालाही काम द्या, ही कामगारांची मागणी मात्र लटकत राहिली. इतक्या वर्षांत त्यांची पोरं तिसरीतून आठवीत गेली असतील. या काळात त्यांच्यातला कुणी चार दिवस अलिबागला जाऊन आला असेल, तर त्याने कोणता गुन्हा केला?

आधी पैशाचं बोलू, कारण लोकांचा राग पैशावर आहे. "आमच्या टॅक्सवर मजा मारतात" हे आपल्याकडचं पेटंट वाक्य.

ले-ऑफची भरपाई म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेचा निम्मा भाग. ओव्हरटाइम, इन्सेंटिव्ह, हजेरी भत्ता यांतलं काहीही धरत नाहीत. आणि हा पैसा मालक देतो, सरकार नाही. त्यात करदात्याचा रुपयाही नाही.

दुसरी वाट राज्य विमा महामंडळाची, म्हणजे आपल्या ईएसआयची. १ जुलै २०१८ पासून तिथे अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी गेली तर सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आणि तेही आयुष्यात एकदाच. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, हे प्रमाण ५० टक्के करण्यात आलं. ईएसआयची पगारमर्यादा २१,००० रुपये आहे. म्हणजे मर्यादेवरचा पगार घेणाऱ्यालाही जुन्या दराने महिन्याला ५,२५० रुपये आणि तीन महिन्यांचे १५,७५०. वाढीव दराने ३१,५००. जुलै २०१९ पासून अशा कामगाराच्या पगारातून दरमहा १५७ रुपये ५० पैसे कापले जातात आणि मालक ६८२ रुपये ५० पैसे भरतो. मिळून ८४०. दोन वर्षांचे झाले २०,१६०. यातला मोठा वाटा दवाखान्याकडे जातो हे खरं, पण सांगायचं इतकंच की ही झोळी नाही, हा विमा आहे. गाडीला अपघात झाल्यावर विम्याचे पैसे घेणाऱ्याला कुणी विचारत नाही की, बाबा रे, त्या महिन्यात तू महाबळेश्वरला का गेलास?

टॅक्सचंच म्हणाल, तर आपल्या राज्याच्या रोजगार हमीसाठी १९७५ पासून पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जातो. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हा कर आयटी पार्कवाल्याच्या स्लिपवर असतो तसाच चाकणच्या फिटरच्या स्लिपवरही असतो. 'आमचा टॅक्स' म्हणताना या 'आम्ही'त फिटरला का धरत नाही, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणि ज्यांना यातलं काहीच मिळत नाही त्यांचं काय? कंत्राटदार सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक' देतो. अटल योजनेला मुळात दोन वर्षांची विमापात्र नोकरी आणि प्रत्येक सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागत असे. नंतर अट सैल झाली, तरी ब्रेकवाल्या पोराचा हिशेब जुळता जुळत नाही. या पट्ट्यातल्या फार मोठ्या कामगारवर्गाच्या बेकारीला भत्ता नावाची गोष्टच नाही. म्हणजे ज्या ऐषआरामावर चाचा चिडलेत, तो बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही.

आता मुख्य मुद्दा. समाजाचा हा संशय नुसता कट्ट्यावर राहिलेला नाही, तो कायद्यातही जाऊन बसलाय.

औद्योगिक विवाद कायद्याचं २५-ई हे कलम वाचा. ले-ऑफ दिलेल्या कामगाराला भरपाई कधी मिळणार नाही, हे त्यात सांगितलंय. त्यातली एक अट अशी, की कामगाराने दिवसातून किमान एकदा, कामाच्या नेहमीच्या वेळेत, ठरलेल्या वेळी आस्थापनेत कामासाठी हजर व्हायला हवं. मालकानेच सांगितलंय की काम नाही. तरी रोज गेटवर जायचं, सही करायची आणि परत फिरायचं. आदल्या दिवशी काम नव्हतं, आजही नाही, उद्याही नसणार, हे गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला ठाऊक, टाइम ऑफिसला ठाऊक, कामगाराला ठाऊक. तरी जायचं. पेट्रोल कुणाचं? त्याचंच, निम्म्या मूळ पगारातून.

आपल्याला वाटेल, जुना कायदा आहे, इंग्रजांच्या मावळतीचा. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही ही अट उचलून तशीच ठेवली. बदल काय केला, तर पर्यायी काम नाकारण्याच्या अटीत पाच मैल होते, तिथे आठ किलोमीटर लिहिले. मैलांचे किलोमीटर झाले, म्हणजे सुधारणा झाली! मोबाइलवर निरोप द्यायच्या काळात आपण माणसाला रोज फाटकावर उभं करतोय.

ईएसआय कायद्याच्या ६४ व्या कलमात आजारपणाचा लाभ घेणाऱ्यावर बंधन होतं, की डॉक्टरच्या परवानगीशिवाय उपचाराचा परिसर सोडू नये. ते एक वेळ समजू शकतं. तापाने फणफणलेला माणूस भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजत बसला तर डॉक्टरने रागवावंच. पण बेकारी हा ताप नाही. अंथरुणात पडून राहिल्याने ती बरी होत नाही.

या रोजच्या हजेरीचा खरा मार कुणावर बसतो ते बघा. सहलीला जाणाऱ्यावर नाही, गावी जाणाऱ्यावर. समजा, सुदुंबऱ्यात खोली घेऊन राहणारा उदगीरकडचा कामगार आहे. काम थांबलं. शहाणपण कशात आहे? खोली सोडावी, बायकोमुलांना घेऊन गावी जावं, भाडं वाचवावं, आईच्या हातचं खावं, पेरणीला भावाला हात द्यावा, कंपनीचा फोन आला की रात्रीच्या बसने परत यावं. ही मौज नाही, हे काटकसरीचं साधं गणित आहे. पण 'दिवसातून एकदा हजर' या अटीने ते गणित मोडलं. आता निम्म्या मूळ पगारात खोलीभाडं, किराणा, गॅस आणि गेटपर्यंतचं पेट्रोल. म्हणजे कायदा त्याला सुट्टीपासून रोखत नाही, तो त्याला वाचण्यापासून रोखतो.

गंमत म्हणजे सुट्टी कंपनीला हवी असते तेव्हा ती फारच सन्मानाची असते. २०१९ च्या मंदीत वाहन कंपन्यांनी 'ब्लॉक क्लोजर' आणि 'नो प्रॉडक्शन डे' जाहीर केले. त्याला कुणी आळस म्हटलं नाही. त्याला 'उत्पादन आणि मागणी यांचा मेळ' म्हणतात. अशा बंदचे दिवस पुष्कळदा कामगाराच्याच हक्काच्या रजेतून वळते होतात, ते वेगळंच. नोकरी सोडणाऱ्या मोठ्या साहेबाला कंपनी नोटिशीच्या काळात पूर्ण पगारावर घरी बसवते, तेव्हा तो युरोपला जातो आणि आपण त्याच्या फोटोंना लाइक करतो. कामगाराने तळेगाव स्टेशनवरून लोकल पकडून, वडगाव, कामशेत, मळवली मागे टाकत लोणावळा गाठलं, की मग हिशेबाची वही उघडते.

याच वहीत आणखी एक खोट आहे. फिरण्याचं कारण काय यावर आपला न्याय बदलतो. देहूहून तुकोबांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जायचं म्हणजे तीन आठवड्यांचा काळ. काम नसलेला एखादा कामगार वारीला गेला तर गाव म्हणतं, बरं झालं, विठ्ठलच मार्ग दाखवील. योग्यच म्हणतं. आमच्या मोहल्ल्यात कुणी चाळीस दिवस जमातीत गेला तर आमचे लोक माशाअल्लाह म्हणतात. फार तर घरच्या बाईला विचारा तिला काय वाटतं. (तिला विचारायची पद्धत आपल्याकडे कमीच.) पण तोच माणूस पोरीला समुद्र दाखवायला दोन दिवस गेला, की तो उधळ्या. कायद्याच्या हजेरीपटात या तिघांत काहीच फरक नाही, तिघेही गैरहजर. समाजाच्या हजेरीपटात मात्र भक्ती माफ आणि आनंद गैरहजर.

आमच्या समाजाला हे विशेष सांगायचंय, कारण ही झडती घ्यायची सवय आमच्यातही मुरलीय. रमजानमध्ये जकात वाटताना घरात फ्रिज आहे का, मोबाइल कोणता, पोरं कुठल्या शाळेत, हे बघितलं जातं. गरजू कोण हे ठरवायला चौकशी लागते, मान्य. पण जकात हा देणाऱ्याचा उपकार नाही, देणाऱ्याच्या मालात घेणाऱ्याचा तो हक्क आहे, हे आम्ही दर जुम्म्याला ऐकतो आणि पायऱ्या उतरेपर्यंत विसरतो. कुरआनने जकातीचे जे आठ हकदार सांगितले, त्यांत एक वाटसरू आहे. वाटेत अडकलेला प्रवासी, मग तो घरी खाऊनपिऊन सुखी का असेना. सहलीसाठी जकात मागा असं मी म्हणत नाही, कुणी तसा अर्थ काढू नये. पण घराबाहेर पडलेला माणूस म्हणजे गरज नसलेला माणूस, हे समीकरण आपल्या धर्माने शिकवलेलं नाही. आणि जकातीच्या बाबतीत ही गोष्ट असेल, तर स्वतःच्या पगारातून वर्गणी भरून मिळालेल्या रकमेबाबत आपण कोण विचारणारे?

"मग काय, भत्ता घेऊन महिनोन्‌महिने हिंडू द्यायचं?" नाही. काम आलं आणि नाकारलं तर भत्ता थांबावा. कुणी खोटं बोलून दुसरीकडे पगार घेत असेल तर ती फसवणूक आहे, तिला शिक्षा आहेच. भत्ता घेणाऱ्याचं कर्तव्य इतकंच, की तो कामासाठी उपलब्ध असावा. उपलब्ध असणं म्हणजे फाटकाला बांधलेलं असणं नव्हे.

हा फरक जर्मनीला कळला. तिथे बेकारी भत्ता घेणाऱ्याला रोजगार कार्यालयाची आधी परवानगी घेऊन वर्षाला तीन आठवडे बाहेरगावी जाता येतं, भत्ता चालू राहतो. चर्चच्या किंवा कामगार संघटनेच्या कार्यक्रमासाठी आणखी सवलतीची सोय आहे. वारी आणि उमरा यांचा प्रश्न त्यांनी असा सोडवलाय म्हणा ना. नेदरलँड्समध्ये वर्षाला वीस दिवस सुट्टी घेता येते. हे देश काही पैसे उडवणारे म्हणून प्रसिद्ध नाहीत. त्यांना एवढंच समजलंय की नोकरी गेलेला माणूस वर्ष-वर्ष रोज अर्ज करत राहतो आणि नकार पचवत राहतो, त्याला आठवडाभर श्वास घेऊ दिला तर तो परत येऊन अर्जच करतो.

आपल्याकडे याची सुरुवात फार छोट्या दुरुस्तीने होऊ शकते. संहितेतली 'दिवसातून किमान एकदा' ही अट काढा. त्या जागी आठवड्यातून एकदा फोनवर किंवा ऑनलाइन नोंद ठेवा आणि बोलावल्यापासून ४८ तासांत हजर होण्याची अट घाला. वर्षात २१ दिवस, आधी कळवून, कुठेही जाण्याची मुभा लिहून द्या, आणि कुठे व कशाला हे विचारण्याचा रकाना अर्जात ठेवू नका. ईएसआयने नोव्हेंबर २०२० मध्ये अटल योजनेच्या दाव्यासाठी लागणारं प्रतिज्ञापत्र रद्द केलं, तेव्हा काही आभाळ कोसळलं नव्हतं. चाकण-तळेगावच्या युनियनांनी पगारवाढीच्या करारात हा मुद्दा आत्ताच मांडावा, संहिता बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. कायद्यापेक्षा चांगली अट मालकाशी करारात घालून घ्यायला कुणाचीही मनाई नाही.