ओपन स्पेसवर पेव्हर ब्लॉक बसवायच्या आधी

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात तीन ते सहा वर्षांचं लेकरू आहे त्यांनी पूर्ण वाचा. ज्यांच्या घरात नाही त्यांनी तर वाचाच, कारण रविवारच्या बैठकीत तेच जास्त बोलणार आहेत.

विषय आमच्या वसाहतीच्या ओपन स्पेसचा. इतकी वर्षं तिथं वेडी बाभूळ, गुटख्याच्या पुड्या आणि फुटक्या बाटल्या होत्या, तेव्हा ती जागा कुणाचीच नव्हती. आता निधी येणार अशी कुणकुण लागली आणि एकदम सगळ्यांची झाली. ठरलंय असं: पूर्ण जागेवर पेव्हर ब्लॉक, एका बाजूला ओपन जिम, मधोमध शेड, समोर कमान. कमानीवर नावं. मी व्हॉट्सअॅप ग्रुपवर एवढंच विचारलं, "लहान लेकरांसाठी काय?" उत्तर आलं, "खेळतील की पेव्हर ब्लॉकवर." एका ज्येष्ठांनी तर लिहिलं, "पत्रकारसाहेब, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवयच आहे."

आहे. माझं पोट त्याच्यावरच चालतं.

पण हे खुसपट घरातून निघालंय. माझा पुतण्या चार वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात त्याच्या नर्सरीच्या डायरीत शेरा आला, मूल एका जागी बसत नाही, पालकांनी येऊन भेटावं. भावजय रात्रभर रडली. "भाऊजी, याला काही झालं तर नसेल ना? डॉक्टरला दाखवावं का?" मी म्हटलं, आधी शाळा बघून येतो.

बघून आलो. नाव घेत नाही, कारण अशा सगळ्याच आहेत. खाली दुकानं, वर तीन खोल्या, खिडकीला जाळी. सकाळी नऊ ते साडेबारा लेकरं बाकावर. वहीत उभ्या रेघा, आडव्या रेघा, ए फॉर अॅपल. साडेबाराला व्हॅन, त्यात दाटीवाटीनं कोंबलेली बारा लेकरं. घरी आलं की जेवण, मग मोबाईल, चार वाजता ट्यूशन. होय, चार वर्षांच्या पोराला ट्यूशन. दिवसभरात हे लेकरू पळतं किती, हे मी एक दिवस घड्याळ लावून बघितलं. व्हॅनपासून घराच्या दारापर्यंत. बस्स.

आता जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी काय सांगितलंय ते ऐका. तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसातून किमान १८० मिनिटं हालचाल केली पाहिजे. त्यातली किमान ६० मिनिटं चांगली दम लागेल अशी: पळणं, उड्या, चढणं. सलग एका तासाच्या वर त्याला एका जागी जखडून ठेवायचं नाही. स्क्रीन जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम. आणि झोप १० ते १३ तास. म्हणजे दिवसाचे तीन तास ज्यानं हलायला पाहिजे ते लेकरू बाकावर वळवळलं, तर आपण डायरीत शेरा मारतो आणि आईला रडवतो.

त्याच रविवारी मी त्याला नेमगिरीच्या टेकडीवर नेलं. कडेवर घे म्हणाला नाही. चढला, घसरला, गुडघा खरचटला, माती झटकून परत चढला. वर गेल्यावर हेच 'एका जागी न बसणारं' लेकरू अर्धा तास दगड गोळा करत गप बसलं होतं. रात्री साडेआठला झोपलं. डॉक्टरची फी वाचली.

काहीजण म्हणतील, मोबाईलमुळं झालंय सगळं, आई-बापच देतात. हे मीही लिहिलंय. बातमी पाठवायची घाई असताना स्वतःच्या पोराच्या हातात मोबाईल देऊन मी 'मोबाईलचे दुष्परिणाम' लिहिलंय, खोटं कशाला बोलू. पण दोन खोल्यांच्या घरात राहणारी बाई काय करणार, सांगा ना. दारात नऊ फुटांची गल्ली, तिच्यातून सायलेन्सर काढलेल्या बुलेट जातात. कोपऱ्यावर कुत्र्यांची टोळी. शेजारच्या अर्धवट बांधकामात उघडा हौद. ती लेकराला आत कोंडते आणि मोबाईल देते, कारण तिला ते संध्याकाळी जिवंत पाहिजे. तिची भीती खोटी नाही. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतलं एक लेकरू खेळता खेळता विहिरीत गेलं. त्यामुळं 'आमच्या काळी आम्ही दिवसभर उंडारायचो' हे गाणं मी गात नाही. उंडारायचो खरं; पण सगळेच परत आले नाहीत, आणि बहिणी तर कडेवर धाकटं भावंड घेऊन आमचा खेळ बघत उभ्या असायच्या.

त्या काळातली एक गोष्ट मात्र मला परत पाहिजे. कच्चं लिंबू. मोठी पोरं लपंडाव, लगोरी खेळायची तेव्हा बारक्याला हाकलून द्यायची नाहीत. त्याला कच्चं लिंबू करायची. तो पळायचा, ओरडायचा, आउट झाला तरी आउट नसायचा. कुठल्याही ट्यूशनशिवाय पळणं, थांबणं, पडणं, वाट बघणं शिकायचा, आणि मोठ्यांचं लक्षही असायचं. त्यासाठी सगळ्या वयाची पोरं एका जागी यावी लागतात. जागाच नसेल तर कच्चं लिंबू कुठून येणार?

कायद्याचं बघा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. शाळेला क्रीडांगण पाहिजे, असं त्याच्या परिशिष्टात स्पष्ट आहे. पण तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. ज्या वयात हाडं, स्नायू, तोल सगळं घडतं, ते तीन ते सहा त्यात नाही. म्हणून दुकानावरच्या तीन खोल्यांत नर्सरी चालते आणि कुणी विचारत नाही, मैदान कुठंय म्हणून. आपणही प्रवेश घेताना काय विचारतो? एसी आहे का, इंग्लिशमध्ये बोलतात का, सीसीटीव्ही आहे का.

आणि ज्या शब्दातच मैदान आहे त्या अंगणवाडीचं काय? हा शब्द दिल्लीतून आलेला नाही, तो आपल्या मराठी बायांच्या कामातून आला. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. वस्तीतली लेकरं बालवाडीत येईनात, तर ह्या बाया बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. ती अंगणवाडी. पुढं कोसबाडला गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे पोरं जिथं तिथं शाळा. १९७५ ला केंद्राची बालविकास योजना आली आणि हा शब्द देशभर गेला. आज आपल्याकडं शब्द राहिला, अंगण गेलं. सेविकाताई वजन-उंची मोबाईलमध्ये भरतात, आहार वाटतात, सर्वेक्षणं करतात. भाड्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत त्यांनी लेकरांना पळवायचं कुठं? त्यांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही.

आता येऊ पेव्हर ब्लॉकवर. चार वर्षांचं लेकरू पडणारच. पडल्याशिवाय तोल येत नाही. प्रश्न एवढाच की ते कशावर पडतं. वाळूवर पडलं तर रडून उठतं, काँक्रीटच्या ठोकळ्यावर डोक्यावर पडलं तर उठेलच असं नाही. शिवाय आपला उन्हाळा. परभणी जिल्ह्यात पारा ४३-४४ ला जातो, तेव्हा ते ठोकळे संध्याकाळी सातपर्यंत तव्यासारखे असतात. लोखंडी घसरगुंडीचं तर विचारूच नका. मे महिन्यात एका नातेवाइकाच्या पोरीच्या मांड्या भाजलेल्या मी बघितल्यात, दुपारी तीनची वेळ, आई दोन पावलांवर उभी. आणि ओपन जिम मोठ्यांच्या मापाचं. लेकरं त्याच्यावर लटकतात, फिरत्या सांध्यात बोटं घालतात. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात जाऊन बघा, संध्याकाळी त्या जिमवर लेकरंच असतात, कारण बाकी काही नसतंच.

मग काहून तेच बसवायचं? कारण पेव्हर ब्लॉकचं मोजमाप करता येतं, बिल काढता येतं, फोटो चांगला येतो. वाळूचा फोटो काय येणार! (वाळू मिळत नाही, हे मात्र कुणी सांगू नका. पूर्णेची वाळू रात्री कुठं कुठं पोचते ते सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे.)

माझं म्हणणं मोठं नाही. ज्येष्ठांना फिरायला कडेनं ब्लॉकची पायवाट करा, कमान करा, नावंही घाला. पण मधली निम्मी जागा लेकरांना सोडा. त्यात वीतभर वाळू, दरवर्षी चाळून नवी भर. कंबरेएवढ्या उंचीची, मोठ्यांनी उभ्याउभ्या हात पुरवावा अशी चढायची जागा. जुने टायर, ओंडका चालतो. लिंबाची झाडं आत्ता लावा, तोवर शेडची सावली लेकरांवर पडेल अशी फिरवा. डीपीभोवती कुलूपबंद जाळी आधी, बाकी सगळं नंतर. फाटक असं की दुचाकी आत येणार नाही पण गल्ली नंबर दोनमधल्या त्या पोराची व्हीलचेअर येईल. काचा आणि विंचू-काटा बघायला आठवड्यातून एकदा आपणच फिरू; मी सोमवार घेतो. खेळायची वेळ उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आणि ऊन उतरल्यावर. पाणी प्यायची सोय.

"लेकरू पडलं तर जबाबदार कोण?" हा प्रश्न बैठकीत नक्की येणार. आजही लेकरं पडतातच, गल्लीत, गाडीखाली, हौदात. तेव्हा जबाबदार कोण असतो ते मला कळलं की मी पुढचं उत्तर देईन. "लक्ष कोण ठेवणार?" संध्याकाळी तिथं बाकड्यावर बसणारे आजी-आजोबा किमान वीस आहेत. बाकडी रस्त्याकडं तोंड करून बसवायच्या ऐवजी वाळूकडं तोंड करून बसवा. एवढ्यानं निम्मं काम होतं.

जाता जाता: बारशाला, वाढदिवसाला चाकांचा प्लास्टिक वॉकर भेट देणं बंद करा. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे, कारण लेकरं त्याच्यासकट जिन्यावरून गडगडत होती. त्यात बसून चालणं लवकर येतं हाही गैरसमज. आपला जुना लाकडी पांगुळगाडा बरा. त्यात लेकरू लटकत नाही, आपल्या पायावर उभं राहून ढकलतं.

बैठक रविवारी संध्याकाळी सहाला, ओपन स्पेसवरच. मी चुन्यानं जागा आखून ठेवतो. येताना सगळ्यांनी लेकरं सोबत आणा. आपली भाषणं चालू असताना ती कुठं खेळतात ते बघू, आणि मग ठराव लिहू.