पत्ते मोजणं कंटाळवाणंच दाखवा

ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजणाऱ्या माणसावर गुन्हेपट काढायचा, तर पहिली अडचण ही की त्यात गुन्हाच नाही. अमेरिकेत नेवाडा राज्यानं 1985 मध्ये मोजणीसाठी यंत्रं वापरण्यावर बंदी घातली, पण डोक्यातल्या डोक्यात मोजायला तिथंही कायद्याची आडकाठी नाही. कॅसिनो मालक फार तर ‘चालते व्हा’ म्हणतो. न्यू जर्सीत तर तेही जमत नाही. केन यूस्टन या खेळाडूच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1982 मध्ये निकाल दिला, की केवळ पत्ते मोजतो म्हणून कॅसिनोनं आपल्या मर्जीनं कुणाला खेळापासून रोखू नये. त्यामुळे पटकथाकाराला गुन्हा बाहेरून आणावा लागतो, आणि तो कुठून आणला यावर अशा सिनेमाचा कस ठरतो. या निवडीत खिशात पैसा कमी असणं दिग्दर्शकाच्या पथ्यावर पडतं, असं माझं मत आहे.

त्यासाठी आधी हा उद्योग नेमका काय आहे ते पाहायला हवं. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचं पान पडलं की अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी शून्य. दश्शी, गुलाम, राणी, राजा किंवा एक्का पडला की उणे एक. आलेल्या बेरजेला उरलेल्या कॅटांच्या संख्येनं भागायचं. उत्तर मोठं आलं तर पैज वाढवायची, नाहीतर कमीत कमी लावून बसून राहायचं. दुसरीतल्या मुलाला जमेल एवढंच हे गणित आहे. कठीण आहे ते तासन्‌तास, गोंगाटात, चेहऱ्यावर काही न दाखवता ते करत राहणं. एवढं करून हाती येणारी आघाडी जेमतेम एक टक्क्याची. सरासरी पैज 100 डॉलरची धरली आणि तासाला शंभर डाव झाले, तर अपेक्षित कमाई तासाला 100 डॉलर. पण त्याच एका तासात हजार डॉलर वर किंवा खाली जाणं ही रोजची गोष्ट. म्हणजे बिनचूक खेळणारा माणूसही आठवडेच्या आठवडे हरू शकतो. हे सगळं नोकरीसारखं आहे, फक्त पगाराची खात्री नाही.

मोठ्या बजेटच्या सिनेमाला हा कंटाळा परवडत नाही. ‘रेन मॅन’नं (1988) पत्ते मोजणं ही विलक्षण मेंदूची किमया करून टाकली. ‘21’ हा 2008 चा चित्रपट सुमारे साडेतीन कोटी डॉलर खर्चून बनला आणि त्यानं पंधरा कोटींहून अधिक कमावले. एमआयटीच्या विद्यार्थ्यांच्या खऱ्या संघावर तो बेतलेला. त्यात पत्ते संथ गतीत हवेत गिरक्या घेतात, चिपांचे ढीग चमकतात, आणि वैद्यकीय शिक्षणाचे तीन लाख डॉलर उभे करायला निघालेला हुशार मुलगा शनिवार-रविवारी राजा होतो. थरार पुरेना म्हणून कॅसिनोचा सुरक्षा अधिकारी त्याला बंद खोलीत बडवतो. गुन्हा आणला, पण तो वरून चिकटवलेला. हारण्याचे लांबलचक दिवस तर कथेत जेमतेम डोकावतात. शिवाय हा सिनेमा लास व्हेगासच्या खऱ्या कॅसिनोंत चित्रित झाला. ज्यांना लुटण्याची कथा, त्यांनीच दारं उघडून दिली, यात खरं तर नवल नाही.

कारण कॅसिनोला पत्ते मोजणाऱ्याची भीती वाटते, पण त्याच्या दंतकथेचा फायदाच होतो. गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांचं ‘बीट द डीलर’ 1962 मध्ये आलं तेव्हा मालक हादरले. 1964 मध्ये लास व्हेगासच्या कॅसिनोंनी ब्लॅकजॅकचे नियम खेळाडूला जाचक होतील असे बदलले. गिऱ्हाईक पांगलं आणि काही आठवड्यांत जुने नियम परत आले. मालकांच्या लक्षात आलं, की पुस्तक वाचून येणाऱ्या शंभरांतले बहुतेक जण नीट मोजत नाहीत, पण आपण जिंकणार या खात्रीनं जास्त खेळतात. नीट मोजणारा लवकर ओळखू येतो. त्याला बाहेर काढता येतं, कॅटांची संख्या वाढवता येते, पत्ते लवकर पिसता येतात. चकचकीत सिनेमा या अर्धवट शिकलेल्या गिऱ्हाइकाला टेबलाकडे घेऊन येतो.

याच्या उलट पॉल श्रेडर यांचा ‘द कार्ड काउंटर’ (2021). हॉलिवूडच्या हिशेबात किरकोळ पैशात आणि मोजक्या दिवसांत केलेला हा सिनेमा, शेवटच्या टप्प्यात करोनामुळे मार्च 2020 मध्ये थांबला होता. ऑस्कर आयझॅकनं रंगवलेला विल्यम टेल लष्करी तुरुंगात मोजायला शिकलेला आहे. तो मुद्दाम लहान पैजा लावतो, थोडकं जिंकून उठतो आणि नजरेत येत नाही. राहतो साध्या मोटेलात, आणि खोलीत शिरताच पलंग, दिवा, खुर्ची, टेबल सगळं पांढऱ्या कापडांत गुंडाळून दोऱ्यानं बांधतो. कॅसिनोही तसेच दाखवलेत: मळकट गालिचे, रिकामी टेबलं, दिवस-रात्र न कळणारा उजेड. आणि गुन्हा? तो पत्त्यांत नाहीच. टेल इराकमधल्या अबू घरेब तुरुंगातल्या कैद्यांचा छळ करणाऱ्या सैनिकांपैकी एक होता. त्याला शिक्षा झाली, त्याला ते शिकवणारा मात्र मोकळा राहिला. मोजदाद हा टेलनं स्वतःला दिलेला तुरुंग आहे. खेळ नीरस ठेवला म्हणूनच हे उमगतं.

यावर कुणी म्हणेल, की प्रेक्षक तिकिटाचे पैसे कंटाळ्यासाठी देत नाही. मान्य. पण पकडले जाण्याची धास्ती, मागून निरखणारा कॅसिनोचा देखरेख्या, म्हणजे पिट बॉस, आकडेमोड बरोबर असूनही आटत जाणारं भांडवल, यांत ताण कमी नाही. तो पैशानं विकत घ्यावा लागत नाही एवढंच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: श्रेडर यांचा नायक पुढे पोकरच्या स्पर्धांकडे वळतो, मग हा पत्ते मोजण्यावरचा सिनेमा कसा? खेळाचा तपशील हवा असेल तर तक्रार रास्त आहे. पण मोजणाऱ्याचा स्वभाव, म्हणजे संयम, एकटेपणा, धोका तोलण्याची सवय, तो शेवटपर्यंत सोडत नाही. आणि कमी बजेट हा गुण आपोआप होत नाही, हेही खरं. स्वस्तात ‘21’ची नक्कल करणारा सिनेमा त्याहून वाईटच निघेल. स्वस्ताईचा उपयोग तेव्हाच, जेव्हा दिग्दर्शक चकचकाटाची हौस सोडतो.

हा वाद आपल्यापासून दूर नाही. महाराष्ट्रानं 1976 मध्ये केलेला कॅसिनोचा कायदा कधी लागूच झाला नाही, आणि 2023 मध्ये तो रद्दही झाला. पण गोव्यात मांडवी नदीतल्या जहाजांवर ब्लॅकजॅकची टेबलं आहेत आणि तिथं जायला आपल्याला एक रात्रीचा प्रवास पुरतो. तिथं बसण्याआधी कुणी सिनेमा पाहणार असेल, तर त्यानं ‘21’ न पाहता ‘द कार्ड काउंटर’ पाहावा. आणि मराठीत कुणाला या विषयावर थोडक्या पैशात काही करायचं असेल, तर त्यानं खेळ आहे तसा कंटाळवाणा ठेवावा आणि गुन्हा पत्त्यांबाहेर, माणसांत शोधावा.