मुलाच्या तंबूपासून दोन पावले दूर

जून उजाडला, शाळांना सुट्टी लागली की अमेरिकेतील स्काऊट पथके आठवडाभरासाठी रानात मुक्कामाला जातात. पोहणे, होडी वल्हविणे, तिरंदाजी, प्रथमोपचार शिकविणारी मंडळी शिबिरस्थळी असतात. परंतु पथकासोबत जाऊन रात्रंदिवस मुलांची जबाबदारी वाहणारी माणसे पगारी नसतात. बहुधा ती मुलांचे आईवडीलच असतात. कोणी अभियंता, कोणी परिचारिका, कोणी दुकानदार. वर्षाकाठी मोजून मिळणाऱ्या रजेतून ती आठवडा काढतात, वैद्यकीय तपासणी करून घेतात, प्रशिक्षण पूर्ण करतात आणि कापडी तंबूत पाठ टेकतात.

अशा पालकांत आता मराठी आईवडीलही दिसतात. त्यांच्यासाठी हा निर्णय सोपा नसतो. हाताशी असलेली रजा मायदेशी वाट पाहणाऱ्या आजी-आजोबांसाठी राखलेली असते. तिच्यातले सात दिवस परक्यांच्या मुलांसाठी का द्यावेत, हा प्रश्न घरोघरी पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मात्र केवळ अमेरिकेतील कुटुंबांपुरते नाही.

शिबिराला पालक लागतात, यामागे एक कठोर इतिहास आहे. अमेरिकेच्या या संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. बालपणी प्रौढांकडून लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगणाऱ्या ८२ हजारांहून अधिक व्यक्तींचे दावे नंतर नोंदले गेले. समाजाने डोळे मिटून विश्वास टाकला आणि त्या विश्वासाच्या आडोशाला दुर्जन लपले. आज ‘स्काउटिंग अमेरिका’ या नावाने चालणाऱ्या त्या संस्थेत २१ वर्षांवरील किमान दोन नोंदणीकृत प्रौढ उपस्थित असल्याखेरीज उपक्रम होऊ शकत नाही. कोणत्याही प्रौढाने एखाद्या मुलासोबत एकांतात राहू नये, प्रौढांचे तंबू मुलांच्या तंबूंपासून वेगळे असावेत, बालसंरक्षणाचे प्रशिक्षण प्रत्येकाने घ्यावे, असे दंडक आहेत.

पण नियम कागदावर राहून रक्षण करीत नाही. दोन प्रौढांचा नियम पाळण्यासाठी दोन प्रौढ यावे लागतात. बारा पालकांनी ‘यंदा जमणार नाही’ म्हटले, तर पथकाचे शिबिर रद्द होते किंवा एखाद-दुसऱ्या थकलेल्या माणसावर सारा भार पडतो. माणसे कमी असली की येणाऱ्याची पारख करण्याचे धैर्यही कमी होते. म्हणून सज्जनांची अनुपस्थिती ही निरुपद्रवी गोष्ट नव्हे. आपले मूल सुरक्षित असावे असे वाटणाऱ्याने पहाऱ्याची एक पाळी स्वतः घ्यावी, एवढाच याचा अर्थ.

शिबिरात पोहोचलेल्या पालकापुढे मात्र याहून अवघड परीक्षा असते. स्काऊट पद्धतीचा गाभाच असा आहे की मुलांचे काम मुलांनी करावे. ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी प्रयोगादाखल शिबिर भरविले, तेव्हा वीसएक मुलांचे चार गट पाडले आणि प्रत्येक गट त्यांच्यातल्याच एका मोठ्या मुलाच्या हाती सोपविला. श्रीमंत शाळांतील मुले आणि सामान्य घरांतील मुले त्या गटांत एकत्र होती. तीच रीत आजही चालते. तंबू कोठे उभारायचा, लाकडे कोणी आणायची, भांडी कोणी घासायची, हे गटनायक ठरवितो. भात करपला, तर करपलेला भात खाऊन दुसऱ्या दिवशी आच मंद ठेवण्याचे शहाणपण गटाला येते.

हे पाहत शांत बसणे हीच पालकाची साधना. आपल्याकडे आईवडिलांचे प्रेम हातांतून व्यक्त होते. दप्तर भरून देणे, घास भरविणे, चुकण्याआधीच सावरणे. शिबिरात हे हात मागे बांधावे लागतात. मुलाच्या तंबूची दोरी सैल दिसते, आकाशात ढग दाटतात, आणि तरीही बापाने दोन पावले दूर उभे राहायचे असते. जीवाला धोका असेल तेथे क्षणाचाही विलंब नको, गैरसोय असेल तेथे घाई नको. हा विवेक पुस्तकातून येत नाही.

त्याच वेळी, घरच्या आठवणीने रडवेला झालेला दुसऱ्या कोणाचा मुलगा शेकोटीपासून दूर बसलेला असतो. त्याच्यापाशी, सर्वांच्या नजरेसमोर, जाऊन बसणे हे त्या आठवड्यातील खरे काम असते. आपल्या मुलाचा बाप असणे थोडे बाजूला ठेवून पथकातील प्रत्येक मुलाचा काका होणे, हेच या स्वयंसेवेचे मर्म आहे. केवळ आपल्या मुलावर नजर ठेवण्यासाठी जाणारा पालक शिबिरावर ओझे होतो. महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जात ‘ईगल स्काऊट’ ही ओळ यावी म्हणून मुलाला धाडणारा आणि त्याचे प्रकल्प स्वतःच उरकणारा पालक तर मुलाच्या हाती रिकामे पदक ठेवतो.

भारताला ही वृत्ती नवीन नाही. १९१८ साली अलाहाबादेत पं. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समिती स्काऊट संघटना उभारली, तेव्हा प्रतिष्ठित माणसांनी आपला वेळ परक्यांच्या मुलांना दिला. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले व्हिव्हियन बोस यांनीही या चळवळीत दीर्घकाळ काम केले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी देशातील स्काऊट संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ची स्थापना झाली. तिची पथके प्रामुख्याने शाळांशी जोडली गेली. त्यामुळे चळवळ गावोगावी पोहोचली. पण पथकाची धुरा शिक्षकांच्याच खांद्यावर राहिली आणि पालक प्रवेशद्वारापाशी थांबला.

आज महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत उन्हाळी शिबिर ही विकत घ्यायची वस्तू झाली आहे. शुल्क भरावे, मुलाला बसमध्ये बसवावे आणि दिवसभर भ्रमणध्वनीवर छायाचित्रांची वाट पाहावी. छायाचित्रात चेहरा उतरलेला दिसला, की तक्रार करावी. पैसे देणारा ग्राहक होतो आणि ग्राहकाला हक्क असतात, कर्तव्ये नसतात. मुले हे सारे पाहत असतात. समाजाचे काम कोणीतरी पगारी माणसाने करायचे असते, हा संस्कार त्यांच्यावर न बोलता होतो.

प्रत्येकाला आठवडा देता येत नाही, हे खरे. रोजंदारीवर जगणाऱ्या, दोन पाळ्यांत राबणाऱ्या, घरी आजारी माणूस असलेल्या पालकाकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. म्हणूनच ज्यांना भरपगारी रजा मिळते त्यांच्यावरील जबाबदारी वाढते. त्यांनी दिलेल्या सात दिवसांत, ज्याचे आईवडील येऊ शकत नाहीत त्या मुलाचाही वाटा असतो. मात्र नुसता उत्साह पुरेसा नाही. प्रशिक्षण, शिस्त आणि स्वतःवर नियम लागू करून घेण्याची तयारी असल्याखेरीज कोणीही मुलांमध्ये जाऊ नये. शाळा आणि संस्थांनीही पालकांना केवळ स्नेहसंमेलनाच्या खुर्च्यांवर न बसविता, पारखून आणि शिकवून कामाला घ्यावे.

आठवडा सरतो. मळलेले कपडे आणि डासांनी फोडलेले पाय घेऊन बाप-लेक घरी परततात. वडिलांनी काय उपदेश केला, हे मुलाला पुढे आठवणार नाही. त्यांनी तो केलेलाही नसतो. परक्या मुलांसाठी पहाटे उठणारे आणि आपल्याला आपला तंबू आपणच बांधू देणारे वडील मात्र त्याच्या लक्षात राहतील. मोठेपणी एखाद्या पथकाला माणूस हवा असेल, तेव्हा त्याचा हात वर जाण्याची शक्यता त्या आठवणीतच दडलेली आहे.