आपला तो बाब्या

१५ डिसेंबर २०२४ रोजी ब्रिस्बेनच्या मैदानावर जसप्रीत बुमराह ऑस्ट्रेलियाचे गडी एकामागून एक गारद करीत होता. त्याची थोरवी सांगण्याच्या भरात फॉक्स क्रिकेटच्या समालोचिका श्रीमती ईसा गुहा यांच्या तोंडून 'प्रायमेट' हा शब्द निघून गेला. प्रायमेट म्हणजे वानर आणि मानव हे दोघेही ज्यात मोडतात तो प्राणिवर्ग. परंतु सावळ्या माणसास तो शब्द लावला की त्यातील मानव गळतो आणि वानर तेवढा उरतो. देशभर संताप उसळला. दुसऱ्याच दिवशी खेळ सुरू होण्यापूर्वी श्रीमती गुहा यांनी कोणतेही आडवळण न घेता, आपण चुकलो, असे त्याच वाहिनीवरून सांगितले. श्री. रवी शास्त्री यांनी त्यांच्या धैर्याची वाखाणणी केली आणि प्रकरण मिटले. ते मिटले हे योग्यच झाले, असे आमचे मत आहे.

आता त्यानंतर तीनच महिन्यांनी घडलेला प्रसंग पाहा. २३ मार्च २०२५ रोजी हैदराबादेत आयपीएलचा सामना चालू होता. राजस्थानच्या जोफ्रा आर्चरची त्या दिवशी दैना झाली. ४ षटकांत ७६ धावा! त्या स्पर्धेच्या इतिहासात त्याआधी एवढा मार कोणत्याही गोलंदाजाने खाल्ला नव्हता. त्यावर हिंदी समालोचन करणारे श्री. हरभजनसिंग यांनी, लंडनच्या काळ्या टॅक्सीचा मीटर जोरात पळतो तसा आर्चरसाहेबांचाही मीटर पळतो आहे, अशा आशयाचा विनोद केला. काही जणांनी निषेध केला, नाही असे नाही. परंतु डिसेंबरात ज्यांच्या अंगाची लाही लाही झाली होती, त्यांपैकी कितीकांना मार्चमध्ये नुसते हसूच आले! समालोचन पुढेही चालू राहिले.

लंडनची टॅक्सी काळीच असते, त्यात वावगे काय, असा बचाव होतो. ठीक आहे. मुंबईची टॅक्सीही काळीपिवळीच असते. उद्या एखाद्या गोऱ्या समालोचकाने मुंबईच्या एखाद्या सावळ्या गोलंदाजाविषयी हाच विनोद केला, तर टॅक्सीच्या रंगाची ही सबब आपण ऐकून घेऊ काय? मीटर तर सर्वच टॅक्स्यांचा पळतो. मग नेमकी काळीच टॅक्सी का आठवावी?

आर्चर हा बार्बाडोसमध्ये जन्मलेला, इंग्लंडकडून खेळणारा कृष्णवर्णीय तरुण. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या मैदानावर एका प्रेक्षकाने त्याच्या वर्णावरून शिवीगाळ केली, तेव्हा त्या देशाच्या क्रिकेट मंडळाने त्या माणसास शोधून काढून दोन वर्षे मैदानबंदी केली. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकास दोन वर्षांची शिक्षा, आणि मानधन घेऊन घरोघरी बोलणाऱ्यास काहीच नाही, हा कोठला न्याय?

वाहिन्यांचा न्याय असाच लहरी आहे. ऑगस्ट २००६ मध्ये कोलंबोच्या कसोटीत डीन जोन्स यांनी भारतीय वंशाच्या, दाढीधारी हाशिम आमलास 'दहशतवादी' म्हटले. जाहिरात चालू आहे, आपले बोलणे कोणास ऐकू जात नाही, अशा समजुतीने ते बोलले होते. ते दक्षिण आफ्रिकेत ऐकू गेले. टेन स्पोर्ट्सने त्यांस तडकाफडकी काढून टाकले. (पुढे त्यांची समालोचने पुन्हा सुरू झाली, आणि २०२० साली मुंबईत आयपीएलचे काम करीत असतानाच त्यांचे निधन झाले.) उलट डिसेंबर २०१८ मध्ये मेलबर्न येथे मयंक अगरवालच्या त्रिशतकाची 'रेल्वे कँटीनच्या नोकरांविरुद्ध काढलेल्या धावा' म्हणून टवाळी करणारे केरी ओकीफ क्षमा मागून आपल्या जागी राहिले. ते नाबाद ३०४ अगरवालने नोव्हेंबर २०१७ मध्ये पुण्याजवळ, आमच्या महाराष्ट्राच्या संघाविरुद्ध काढले होते! तेव्हा त्या टवाळीचा अर्धा वाटा आमच्याही पदरात पडला आणि आम्ही चिडलो. चिडावयासच हवे होते.

परंतु आमचे हात स्वच्छ आहेत काय? ऑक्टोबर २००७ मध्ये ज्या वडोदऱ्यात मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे, तेथील प्रेक्षकांतून अँड्र्यू सायमंड्सला उद्देशून माकडाचे चीत्कार उठले. आठवडा उलटतो न उलटतो तोच मुंबईच्या वानखेडे मैदानावर त्याचीच पुनरावृत्ती झाली. आपल्याकडे वानर पूज्य आहे, असा युक्तिवाद त्या वेळी ऐकू आला. तोच युक्तिवाद २०२४ मध्ये बुमराहच्या वेळी कोणासही सुचला नाही, हे लक्षात घ्या. पुढे जानेवारी २००८ मध्ये सिडनीला खुद्द श्री. हरभजनसिंग यांच्यावर सायमंड्सला वंशवाचक शब्द वापरल्याचा आरोप आला आणि तीन कसोट्यांची बंदी झाली. अपिलात तो आरोप टिकला नाही, बंदी उठली आणि अर्ध्या मानधनाच्या दंडावर भागले, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. पण एका शब्दाने केवढे वादळ उठते हे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्याने तरी ध्वनिक्षेपकापुढे बसताना शब्द तोलून वापरावा, ही अपेक्षा अवाजवी आहे काय?

हैदराबादच्याच संघात असताना आपणांस 'काळू' म्हणत, असे वेस्ट इंडीजचे डॅरेन सॅमी यांनी २०२० मध्ये सांगितले. ते प्रेमाने म्हटले होते, असा खुलासा मागाहून त्यांच्याकडे पोहोचला. आपल्या आळीतही एखादा 'काळू' असतोच, आणि त्यालाही सगळे प्रेमानेच हाक मारतात. त्याला काय वाटते, हे त्याला विचारण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

श्री. हरभजनसिंग यांची भाकरी काढून घ्या, असे आमचे म्हणणे नाही. श्रीमती गुहा यांचीही आम्ही मागितली नव्हती. परंतु त्यांच्याकडून जेवढे घेतले तेवढे हिंदी कक्षाच्या चालकांनी आपल्या माणसाकडूनही घ्यावयास हवे होते: दुसऱ्या दिवशी, त्याच वाहिनीवरून, आर्चरचे नाव घेऊन चार सरळ वाक्ये. दोन षटकांमधला अवकाशही त्यास पुरला असता.