गव्हाशी अबोला



"डॉक्टरांनी गहू बंद केलाय, आता करू काय?" अशी पत्रं हल्ली अधूनमधून येतात. बहुतेक पत्रं आयांची असतात. मुलाची उंची वाढत नव्हती, पोट फुगत होतं, शेवटी तपासणीत सीलिॲक निघालं. मग त्या लेकरासाठी आपण काय काय करतो ते चारचार पानं भरून कळवलेलं असतं. अशा आईला माझ्या सल्ल्याची फारशी गरजही नसते. पण या खेपेला आलेलं एक पत्र निराळं आहे. लिहिणारी भगिनी छत्तीस वर्षांची. घरात सासू-सासरे, यजमान, दोन मुलं. गहू बंद झालाय तो तिचा स्वतःचा. ती लिहिते, "सकाळी अठरा पोळ्या लाटते. त्यानंतर एकटीसाठी भाकरी थापायचं जिवावर येतं. संध्याकाळी मुलांच्या डब्यातली पोळी परत आलेली असते, ती टाकवत नाही. अर्धी खाल्ली तर चालेल का?"

नाही बाई, चालणार नाही. आजचं पान या अर्ध्या पोळीसाठीच.

आधी हे दुखणं काय ते नीट समजून घ्या, म्हणजे घरातल्यांनाही सांगता येईल. कणकेचा गोळा नळाखाली धरून चोळत राहिलात तर पांढरं पाणी निघून जातं आणि हाताला रबरासारखा चिवट धागा उरतो. ते ग्लुटेन. पोळी लवचिक होते ती त्याच्यामुळे. गव्हात, जवात म्हणजे सातूत, आणि राय नावाच्या परदेशी धान्यात या जातीची प्रथिनं असतात. (ही राय म्हणजे आपली फोडणीची राई नव्हे. ती खुशाल घाला.) सीलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात हे गेलं की शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं. आतड्याच्या आत मखमलीसारखी जी बारीक लव असते, ती झडून सपाट होते. लोह, कॅल्शियम शोषून घ्यायचं काम तिचंच. मग कितीही सकस खा, अंगी लागत नाही.

हे ताट-वाटीच्या पातळीवर पहिल्यांदा ओळखलं ते हॉलंडमधल्या विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञानं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे तिथं पावाचं दुर्भिक्ष होतं. सगळा देश उपाशी, आणि ही आजारी मुलं मात्र सुधारायला लागली! गव्हाचा संशय त्यांना आधीपासून होताच, तो पक्का झाला. १९५० साली त्यांनी यावर प्रबंध लिहिला. आज इतक्या वर्षांनीही या दुखण्यावरचा उपाय तोच आहे: गहू, जव, राय कायमचे बंद. गोळी नाही, इंजेक्शन नाही.

आता आपल्या भगिनीकडे येऊ. तिला आठ वर्षं रक्त कमी होतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, खजूर झाला, बीट झालं. "बायकांचं असंच असतं" हे वाक्य तिला घरात ऐकायला मिळालं आणि दवाखान्यातही. या वाक्याचा मला मनस्वी राग आहे. लोहाच्या गोळ्या नेमानं घेऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल, तोंड वरचेवर येत असेल, हाडं ठिसूळ निघाली असतील, दिवस राहूनही पुन्हापुन्हा गर्भपात होत असेल, तर डॉक्टरांना एकदा स्पष्ट विचारा, "सीलिॲकची तपासणी करायची का?" जुलाब झालेच पाहिजेत असं नाही, कित्येकींना पोटाची तक्रारच नसते. आधी रक्ताची तपासणी असते, आणि तीत संशय आला तर दुर्बिणीतून आतड्याचा बारीक तुकडा घेऊन पाहतात. एक मात्र लक्षात ठेवा, तपासणीआधी आपल्या मनानं गहू सोडू नका. सोडलात तर तपासणीत काही दिसतच नाही, आणि दुखणं दडून राहतं. निदान झालं तर मुलांची आणि भावंडांचीही तपासणी करून घ्यावी लागते, कारण ते रक्ताच्या नात्यात उतरतं.

हल्ली वजन उतरावं म्हणून गहू सोडायची एक टूम निघाली आहे. ज्याची त्याची हौस. पण अशी मंडळी एकादशीला सोडतात आणि द्वादशीला समोसा खातात. ते पाहून घरच्यांना वाटतं, हिचंही तसंच असेल. तसं नसतं. सीलिॲकमध्ये चिमूटभरही हिशेबात येतं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर पदार्थाच्या एका किलोत ग्लुटेन २० मिलीग्रॅमच्या वर असता कामा नये. आता अर्ध्या पोळीचा हिशेब तुम्हीच करा. आणि ती खाल्ल्यावर पोट दुखलं नाही तर आनंद मानू नका. कित्येकदा काही जाणवत नाही, पण आतली लव झडतच असते.

जेवायला काय, हा प्रश्न आपल्या मुलखात तसा अवघड नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, साबुदाणा, सगळ्या डाळी, भाज्या, मासे, अंडी, दूध: घर भरलेलं आहे. उपासाचं ताट तर मुळातच बिनगव्हाचं. महागडी परदेशी पिठाची पाकिटं आणायची काही गरज नाही. खपली गहू मात्र चालतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. खपलीही गहूच.

अवघड आहे तो लपलेला गहू. डबीतल्या हिंगापासून सुरुवात करा. बांधानी हिंगात कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो; म्हणजे रोजच्या वरणाच्या फोडणीतच गहू. काही डब्यांत तांदळाचं पीठ असतं, तेव्हा मागची बारीक अक्षरं वाचून घ्या, नाहीतर शुद्ध खडा हिंग आणा. महाग पडतो, पण लागतोही कणभरच. मग मेतकूट. त्यात आपण मूठभर गहू घालतोच. थालीपिठाची भाजणी, सातूचं पीठ, कुरडया, शेवया, लापशी, रवा हे सरळ दिसतात. सोया सॉस, विकतचे मसाले आणि लोणची (हिंग!), माल्ट घातलेली दुधात टाकायची पावडर, हे दिसत नाहीत. पुऱ्या तळलेल्या तेलातली भजी बेसनाची असली तरी चालत नाहीत.

आणि गिरणी. इथं फार जणी फसतात. गिरणीत आधीच्या बाईचा गहू झाला की मागून आपली ज्वारी पडते, आणि पहिलं शेर-दीड शेर पीठ कुणाचं असतं ते देवच जाणे. सकाळी पहिला नंबर लावूनही उपयोग नाही. कालची कणीक जात्याला असतेच. घरात छोटी चक्की असेल तर तीत गहू अजिबात घालू नका. नसेल तर तांदूळ, नाचणी मिक्सरवर थोडी थोडी दळून बारीक चाळणीनं चाळता येते. ज्वारी आणली की सुपात घेऊन निवडा, गव्हाचे दाणे सापडतातच. मग धुऊन उन्हात खडखडीत वाळवा आणि दळा.

स्वयंपाकघरात तीन वस्तू वेगळ्या हव्यात: पीठ चाळायची चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणं आणि तवा. चाळणीच्या जाळीतून आणि लाकडाच्या चिरांतून कणीक जात नाही. स्टीलची भांडी साबणानं स्वच्छ घासली की पुरे. ज्वारीचं पीठ वरच्या फळीवर, कणकेचा डबा खालच्या. उलट ठेवलंत तर कणीक वरून भुरभुरते.

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट. अठरा पोळ्या कुणी लाटायच्या? कणीक हाताला लागून काही होत नाही, हात धुतले की झालं. पण कोरडी कणीक चाळताना जो धुरळा उडतो तो नाकातोंडातून पोटात जातो. तेव्हा कणीक चाळायचं, मळायचं काम यजमानांकडे द्या. दचकू नका! मळलेला गोळा आयता मिळाला तर लाटायला तेवढा त्रास नाही. लाटीला लावायला तांदळाचं पीठ घ्या. आणि तुमची भाकरी आधी, पोळ्या नंतर. हा क्रम घरात कुणासाठीही बदलायचा नाही. स्वच्छ तव्यावर, स्वच्छ ओट्यावर पहिली भाकरी तुमची. 'सगळ्यांचं झालं की माझं बघेन' म्हणणाऱ्या बाईचं कधीच बघून होत नाही, हे तुम्हांला मी सांगायला नको.

माझं विचाराल तर रात्रीचं जेवण सगळ्या घरालाच बिनगव्हाचं करा. भाकरी-पिठलं, आमटी-भात, मुगाची खिचडी, धिरडी, तांदळाची उकड. दोन स्वयंपाक करायचा ताण गेला की शिळी पोळी खायची वेळच येत नाही. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा मुलांना द्या, गाईला घाला. तुमचं पोट म्हणजे उरलंसुरलं ठेवायचा डबा नव्हे.

भाकरी मोडते ही पुढची तक्रार. पीठ फार दिवसांचं असलं की त्याची विरी जाते. आठ दिवसांपुरतंच दळा. तरी मोडत असेल तर उकड काढा. एक वाटी पाण्याला उकळी आणून मीठ आणि चमचाभर तेल घाला, एक वाटी ज्वारीचं पीठ टाकून ढवळा, झाकण ठेवून गॅस बंद करा. दहा मिनिटांनी गरम असतानाच तेलाच्या हातानं खूप मळा. याच्या चांगल्या मऊ पोळ्या लाटता येतात. डब्यासाठी दशमी करा: ज्वारीचं पीठ कोमट दुधात भिजवायचं, चमचाभर तूप घालायचं, दुपारपर्यंत वातड होत नाही.

बिनगव्हाची भाजणी अशी: ज्वारी, बाजरी आणि तांदूळ एकेक वाटी, हरभऱ्याची डाळ अर्धी वाटी, उडदाची डाळ पाव वाटी, धने पाव वाटी, जिरे दोन चमचे. सगळं वेगवेगळं खमंग भाजून, गार करून दळा. दुधी किसून घातलात तर थालीपीठ मऊ राहतं. आठवड्यातून दोनदा नाचणीही पोटात जाऊ द्या. १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, आणि या दुखण्यात हाडांना त्याची गरज आहे.

सुरुवातीला दूधही पचत नाही असं कधीकधी होतं, कारण दुधातली साखर पचवणारा रसही त्या लवेतच असतो. आतडं भरून आलं की बहुधा दूध पुन्हा चालू होतं. तोवर दही-ताक सोसवतं का ते पाहा. पण दुधाची ॲलर्जी हे वेगळं प्रकरण. तिथं दही, ताक, खवा काहीच नाही. शेंगदाण्याचंही तसंच. ज्या मुलाला ॲलर्जी आहे त्याच्या ओठांना सूज, अंगावर गांधी, श्वास कोंडणं काही मिनिटांत सुरू होतं; घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट इस्पितळात न्यावं लागतं. आपल्याकडे कूट कोशिंबिरीपासून खिचडीपर्यंत सगळ्यांत. अशा घरात कुटाचा डबाच नको. त्याऐवजी ओलं खोबरं वापरा. तीळ वापरायचे असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, काहींना तेही सोसत नाहीत.

राहता राहिला प्रसाद. आपल्या भगिनीच्या सासूबाई म्हणतात, "सत्यनारायणाच्या शिऱ्याला नाही म्हणायचं नसतं, घासभर खा." त्यांच्याशी वाद घालू नका. पुढच्या पूजेला शिरा तुम्ही करायला घ्या, आणि रव्याऐवजी तांदळाचा रवा घ्या. तांदूळ धुऊन सावलीत वाळवा, मिक्सरवर जाडसर काढा. सव्वा वाटी रवा तेवढ्याच तुपात मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजा. अडीच वाटी गरम दूध घालून चांगली वाफ आणा. रवा टोचरा वाटला तर दुधाचा आणखी हबका द्या. मगच सव्वा वाटी साखर, केळं आणि वेलची. साखर आधी पडली तर दाणा शिजत नाही. नैवेद्य दाखवून झाला की पहिली वाटी सासूबाईंना नेऊन द्या, आणि त्यांच्या शेजारी बसून दुसरी तुम्ही खा.